रविवारची सर्दी

शिरूरला आमच्या शेजारी राहणाऱ्या मामांना सर्दी होते ती फक्त रविवारी. एसटी डेपोतली नोकरी संपल्यापासून दर रविवारी ते अंगणात विटांची चूल मांडून दोन्ही घरांसाठी कोंबडीचा रस्सा करतात. चटणी मुठीनं घालतात. पहिल्याच घासाला त्यांचं नाक वाहायला लागतं, डोळे भरून येतात. मग टॉवेलनं तोंड पुसत म्हणतात, "तिखटाचं काय न्हाई, सर्दी हाय."

माझ्या आईला तिखट सोसत नाही, म्हणून तिच्यासाठी बिनचटणीचं लहान पातेलं ते आठवणीनं वेगळं शिजवतात.

मागच्या रविवारी आई माझ्या बहिणीकडे दौंडला गेली होती. पातेलं मात्र चुलीवर होतंच.

"मामा, आई घरी नाही."

"व्हय का? मग वाया कशाला घालवायचं," म्हणत त्यांनी ते स्वतःपुढं ओढलं आणि त्यात भाकरी कुस्करली. त्या दुपारी सर्दी फिरकलीसुद्धा नाही.

आई परतल्यावर मी तिला हे सांगितलं. काल मामा कुंपणापाशी आले. "आक्का अजून दौंडलाच हायेत का?"

आई आतूनच म्हणाली, "आले मी. उद्या माझं पातेलं तेवढं जरा मोठं घ्या."