लांबी भरलेला ब्लॉक

लातूर जिल्हा नवानवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती, त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गावात जिकडंतिकडं रंगकाम चालू होतं. जुन्या कचेऱ्यांना जिल्ह्याच्या पाट्या लागत होत्या. आणि माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळत होती.

माझं वर्कशॉप औसा रोडला होतं. जुनी इंजिनं उघडायची, घासायची, पुन्हा बांधून द्यायची, हा धंदा. हे काम मी नांदेडला एका वस्तादाच्या हाताखाली शिकलो. लोखंडाचा आवाज ऐकायला त्यानंच शिकवलं. त्याच्या नावावर मला लातुरात गिऱ्हाईक मिळायचं.

एका सकाळी दारात ट्रॅक्टर आला. औशाकडच्या एका गावचा सरपंच उतरला. ट्रॉलीत जुनं इंजिन होतं आणि त्याला धरून माझ्याच वयाचा एक माणूस बसला होता. गावच्या नव्या नळयोजनेवर हाच इंजिन चालवणार होता. बौद्ध वस्तीतला, इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मळ्यात इंजिनं चालवलेला.

"उमरीच्या बंद जिनिंगातलं हाय," सरपंच म्हणाला. "निजामाच्या टायमाला विलायतेहून आलेलं. तुमच्या वस्तादाकूनच घेतलंय. निस्त्या रिंगा अन् बेअरिंगं बदला. उद्घाटनाला सायेब येऊन राहिलेत."

वस्तादाकडचं म्हटल्यावर मला बरं वाटलं. पण काम ते काम. "आधी ब्लॉक पाहावा लागतो," मी म्हणालो. रिंगा मिळतात, पिस्टन मिळतो. ब्लॉकच खचलेला असेल तर बाकीचं सगळं नवं घालून उपयोग नसतो.

इंजिन सुटं केलं आणि ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्याचं बाजूचं झाकण खोललं. भपकन वास बाहेर आला. काळा, चिकट गाळ. त्यात गंज, सडलेलं तेल, एक मेलेला उंदीर, त्याचे केस गाळाला चिकटलेले. मी कोपरापर्यंत हात घालून ते काढत होतो आणि मागं सरपंच उपरण्यानं नाक दाबून, "मायला, काय घाण हाय!" म्हणत बाहेर लिंबाखाली निघून गेला. चालवणारा मात्र बाह्या सारून माझ्या शेजारी बसला. आम्ही दोघांनी मिळून ती घाण उपसली. पाणी वाया घालवायची सोय नव्हती, म्हणून रॉकेलनं धुतलं.

मग ब्लॉक लाकडाच्या ठोकळ्यांवर उचलून ठेवला, म्हणजे जमिनीला टेकणार नाही, आणि लहान हातोडीनं ठोकत गेलो. धड ओतीव लोखंड घंटेसारखं वाजतं. हे वरच्या अंगाला वाजलं. खाली, दांड्याचं मोठं बेअरिंग बसतं त्या बाजूला आलो आणि आवाज मेला. फुटक्या माठावर टिचकी मारावी तसा.

पटाशीनं हिरवा रंग खरवडला. रंगाखालून लांबी निघाली, सुतार फळीच्या भेगेत भरतात ती. लांबीखाली साबण. साबण दाबून भरला की पाण्याच्या चाचणीत थोडा वेळ गळत नाही. तो उकरल्यावर भेग दिसली. भेग पुढं सरकू नये म्हणून तिच्या टोकाला भोक पाडून आत आट्यांचा खिळा बसवला होता आणि त्याचं डोकं तिरप्या कानशीनं घासून सपाट केलं होतं. ती घासणी मी ओळखली. वस्तादाचा हात तसाच तिरपा चालायचा. मीही त्याच्याकडूनच तसं घासायला शिकलो होतो.

तरी शेवटची खात्री म्हणून भेगेवर रॉकेल लावलं, पुसून काढलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटत गेली. ती खिळ्याजवळ थांबली नाही. सरळ बेअरिंगच्या घरात शिरली. म्हणजे इंजिनावर भार आला की ब्लॉक तिथं उकलणार.

मी सरपंचाला बोलावून रेघ दाखवली. त्यानं ती नीट पाहिलीसुद्धा नाही.

"सायेब येऊन जाईपत्तर चालंल ना?"

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"आता जुनं म्हणल्यावर असायचंच की कायतरी. बटण दाबलं, नळाला पाणी आलं, फोटू निघाला, झालं. फुडचं फुडं पाहू."

चालवणारा रेघेवर वाकला होता. त्यानं मला हळूच विचारलं, "मिस्त्री, म्या ह्याच्यापशी उभा राहू का?"

"नका राहू," मी म्हणालो.

सरपंचानं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मीच ती भेग पाडली. दुपारनंतर इंजिनाचे सगळे भाग ट्रॉलीत टाकून तो दुसऱ्या गॅरेजला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडची बस धरली. वस्ताद दुकानाच्या पायरीवर सुपारी कातरत बसला होता. मला पाहून खूश झाला, चहा सांगितला. मी विचारलं, "त्या ब्लॉकात साबण तुम्ही भरला?"

तो थोडंसं हसला. "ओळखलास का? शाब्बास."

"वस्ताद, माणूस मरंल तिथं."

"गिऱ्हाइकाला दिसायला पायजे होतं, म्या दिसायला दिलं. धंदा करून राहिलो बाबा, देऊळ न्हाई चालवून राहिलो." आणि तो पायरीखाली थुंकला. त्या थुंकीकडं पाहताना मला त्या उंदराच्या वेळी आली नव्हती इतकी किळस आली. ज्या कानांनी मला भेग ऐकायला शिकवली, त्यांनी ही भेग आधीच ऐकली होती. चहा आला. मी कपाला हात न लावता उठलो.

उद्घाटनाच्या दिवशी मी त्या गावाला गेलो. चालवणारा खरंच दूर उभा राहतो का, हे पाहायचं होतं. विहिरीजवळ मांडव, पताका, इंजिनाला झेंडूचे हार. मांडवाबाहेर बाया रिकाम्या घागरी घेऊन उन्हात बसल्या होत्या. साहेब आले. सरपंचानं खूण केली. चालवणारा पुढं आला, पण इंजिनाकडं न जाता साहेबांपुढं हात जोडून म्हणाला, "सायेब, ह्याचा ब्लॉक चिरलाय. म्या चालू करणार न्हाई. तुम्हीबी लांब उभं राहा."

सरपंच दात काढत म्हणाला, "येडं हाय ते, सायेब." आणि त्यानं आपल्या भाच्याला पुढं केलं. साहेब मात्र दोन पावलं मागं सरले, हे मी पाहिलं.

इंजिन चालू झालं. बराच वेळ चालल्यावर नळाला पाणी आलं, गढूळ, पण आलं. टाळ्या पडल्या. बाया घागरी घेऊन उठल्या. तेवढ्यात इंजिनाचा ठोका बदलला. मी ओरडलो, "बंद करा!" भाचा वाकला आणि धाडकन आवाज झाला. ब्लॉकची एक बाजू उकलली. तेलकट उकळतं पाणी हारांवर, सतरंजीवर, भाच्याच्या पायावर उडालं. दांडा अडकून चाकं जागीच थांबली. भाचा बोंबलत लोळत होता. चालवणाराच सगळ्यांत आधी धावला आणि त्याला उचलून जीपमध्ये घातलं. पाय भाजला, पण वाचला.

बायांना अर्धी घागरसुद्धा मिळाली नाही. त्या नळाखालचं डबकं वाटीनं भरून घेऊ लागल्या. साहेबांच्या गाड्या धूळ उडवत गेल्या. सरपंच चालवणाऱ्याला म्हणत होता, "तुज्या तोंडानंच फुटलं रे हे!"

काही दिवसांनी सरपंचाच्या ट्रॅक्टरनं तो फुटका ब्लॉक, नांदेडला धाडायला म्हणून, पुन्हा माझ्या दारात आणून टाकला. वस्तादाचा निरोप होता: वापस पाठव, टाके मारून देतो, किनवटकडं गिऱ्हाईक हाय.

त्या वेळी चालवणारा माझ्याकडं कामाला लागला होता. गावानं त्याला ठेवलं नव्हतं. मी मोठा घण आणला. त्यानं विचारलं, "म्या मारू का पयला?" मी घण त्याच्या हातात दिला. आळीपाळीनं घाव घालून आम्ही त्या ब्लॉकचे इतके तुकडे केले की जगातल्या कुठल्याही वस्तादाला ते जोडता आले नसते. हातगाडीवर भरून ते भट्टीत वितळायला पाठवले.

वस्तादाला मी काही कळवलं नाही. नांदेडला पुढं कितीदा गेलो, पण त्या गल्लीत पाय ठेवला नाही.