पाहुण्यांचा ठेचा

आमच्या घरी ठेचा दोन प्रकारचा व्हायचा. एक पाहुण्यांचा आणि एक घरचा. दोन्ही एकाच दगडी खलात, आईच्याच हातानं. पण आधी पाहुण्यांचा कुटायचा आणि मग घरचा, हा क्रम तिनं कधी मोडला नाही. उलटं केलं तर खलाला लागलेला जाळ पाहुण्यांच्या वाटीत उतरला असता.

पाहुण्यांच्या ठेच्याला मिरच्या तेलावर परतलेल्या, मूठभर भाजके शेंगदाणे, हात न आखडता घातलेला लसूण आणि वरून लिंबू. तो स्टीलच्या वाटीत यायचा, मधे खळगा करून त्यात कच्चं तेल ओतलेलं. बाजूला तांदळाचे पापड, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि घट्ट दही. वाटी एक आणि पाहुणे चार असले तरी सगळे पापडाचा तुकडा मोडून त्याच एका वाटीत बुडवायचे आणि गप्पा मारायचे. घरच्या ठेच्यात नुसत्या तव्यावर भाजलेल्या मिरच्या, मीठ आणि चार पाकळ्या लसूण. संपलं. तो इतका जहाल की बोटाच्या टोकाएवढ्यावर अर्धी भाकरी सरायची, आणि आई तो तेवढ्याचसाठी तसा करायची. तो वाटीत कधी आला नाही. चुलीपाशी बसेल त्याच्या भाकरीवर ती तो थेट ठेवायची.

मला अर्थातच पाहुण्यांचाच हवा असायचा. बाहेरच्या खोलीच्या दारामागं उभी राहून मी पाहुण्यांचे तुकडे मोजायची आणि वाटीत किती उरेल याचा अंदाज बांधायची. काही पाहुणे इतके निर्लज्ज होते की शेवटी बोटानं वाटी पुसून घ्यायचे. त्यातल्या दोघांना मी अजून माफ केलेलं नाही.

आठ-नऊ वर्षांची असताना रागारागात मी एकदा ठेचाच बदलला. पालीकडचे एक गृहस्थ आमची गाय बघायला आले होते. आई पाणी द्यायला गेली तेवढ्यात मी त्यांच्या वाटीतला ठेचा काढून घेतला आणि घरचा भरून वर तेल ओतून ठेवलं. त्यांनी पहिला तुकडा भला मोठा बुडवला. मग त्यांच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. वडील बघत राहिले, आई दारात थिजली. पण त्या माणसानं वाटी बाजूला सारली नाही. टोपीनं डोळे पुसत त्यांनी ती संपवली, दोन तांबे पाणी प्यायले आणि निघताना आईला म्हणाले, "वहिनी, आज घरातल्यावानी वाढलंत. असं कोण वाढतंय हो पावण्याला!" गाय घेऊनच गेले.

मला धपाटे बसले ते बसलेच. पण संध्याकाळी वडिलांशी त्याबद्दल बोलताना आईला हसू आवरत नव्हतं. "घरातल्यावानी म्हणाला बघा," असं ती तीनदा म्हणाली. तेव्हा कुठं मला कळलं की चांगली वाटी बाहेर जाते ती बाहेरच्यांसाठी, आणि जे आपले असतात त्यांना तिखट मिळतं. कळलं म्हणून हाव गेली असं नाही. फक्त दारामागं उभं राहणं मी बंद केलं.

लग्न होऊन मी भोरला आले. माहेर म्हणजे मार्गासनीच्या पुढं, मुख्य रस्त्यापासून थोडं आत. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी धरायची. सुरुवातीला आम्ही दोघं गेलो की नवऱ्यापुढं बाहेर पापड, दही आणि पाहुण्यांची वाटी यायची. मी त्याच्या शेजारी बसायला लागले की आतून आईची हाक यायची, "तू कशाला तिथं? आत ये, तुझं हितं हाय." मी चुलीपाशी बसायची आणि घरचा ठेचा खाऊन नाक ओढत सासरच्या तक्रारी सांगायची. तेवढ्यासाठीच मी दोन गाड्या बदलून जायची, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं.

मग एका वर्षी भातलावणीला माणसं मिळेनात म्हणून नवरा मदतीला आला. गुडघ्यापर्यंत चिखलात दिवसभर राबला आणि दुपारी पाय धुऊन, कुणी न सांगता, सरळ आत येऊन बसला. आईनं क्षणभर बघितलं आणि त्याच्या भाकरीवर घरचा ठेचा ठेवला. त्याला उचकी लागली. पाणी पिऊन त्यानं आणखी मागितला. "आता पावणं न्हाई ऱ्हायलं," आई माझ्याकडं बघून म्हणाली. ही गोष्ट तो अजून सगळ्यांना सांगतो आणि दर वेळी मिरच्या वाढवून सांगतो.

वडील गेले. रस्ता चांगला झाला. शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या यायला लागल्या, कुणी राजगडाला, कुणी पानशेतकडून फिरून येणारे. माझ्या धाकट्या भावानं रस्त्याकडेच्या आमच्या वावरात पत्र्याची शेड टाकून जेवणाची सोय सुरू केली. भावजय हुशार. तिनं पाहुण्यांचा ठेचा चक्क्यात कालवला, त्यात कोथिंबीर घातली आणि त्याला 'डिप' म्हणायला लागली. दुसऱ्या वाटीत कारळ्याची चटणी तेलात सैल केलेली, तिसरीत भाजलेल्या वांग्याचं दह्यातलं भरीत. लाकडी ट्रेमध्ये तीन चिमुकल्या वाट्या आणि मधे नाचणीच्या पापडांचे तुकडे. मी आधी खूप हसले. मग खाल्लं आणि वाटी चाटली. खाण्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही, चव चांगली होती.

आई शेडच्या तोंडाशी खुर्चीवर बसून मिरच्या निवडायची. पुण्याच्या बायका तिला "आजी, ठेचा कसा करता?" विचारायच्या आणि तिच्यासोबत फोटो काढायच्या. शनिवारी ती ठेवणीतलं लुगडं नेसायला लागली होती. मला बरं वाटायचं.

मग भाऊ एक दिवस भोरला आला, पिशवीत कागद घेऊन. शेड मोठी करायची, वर दोन खोल्या काढायच्या, कर्ज हवं, आणि जमिनीवर माझंही नाव. वडिलांच्या जमिनीतला माझा हिस्सा मी राजीखुशीनं भावाला सोडते, असा तो हक्कसोडीचा कागद होता. टाईप करून, माझं वय घालून, सहीची जागा पेन्सिलीनं खूण करून आणलेला.

"आक्का, तेवढं करून टाक. समद्याच बहिणी करत्यात," तो म्हणाला.

मी म्हटलं, "बघते."

एवढंच. नाही म्हटलं नाही. मला ती जमीन नको होती. भोरच्या दोन खोल्यांत बसून मी ते वावर काय करणार होते? पण त्यानं वय आणि पेन्सिलीची खूण दोन्ही घालून आणली आणि "तुला काय वाटतं?" एवढं विचारलं नाही, याचा मला राग आला. एकदा विचारावं, मग मी लगेच देणार होते. हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण मी सांगितल्यावर त्यानं विचारलं असतं तर त्यात काय अर्थ होता? तो चहा अर्धा टाकून गेला.

पुढच्या वेळी मी माहेरी गेले तेव्हा भावजय हसत बाहेर आली. "या वन्सं, बसा." मी आत वळले तर म्हणाली, "आत लई धूर झालाय, हितंच बसा ना." चूल काढून गॅस आल्याला दोन वर्षं झाली होती. मी बसले. आतून लाकडी ट्रे आला. तीन वाट्या, मधे पापडाचे तुकडे, कागदी रुमालसुद्धा.

कुणी वाकडं बोललं नाही. भाऊ येऊन "कधी आलीस, गाडी मिळाली का" विचारून गेला. भावजय "घ्या ना, लाजताय काय" म्हणत राहिली. माझ्या घरात मला! आई शेजारी बसून माझ्या मुलांची चौकशी करत होती आणि माझ्या हाताकडं बघत नव्हती. मी पापडाचा एक तुकडा चक्क्यात बुडवला. तोच ठेचा, ज्याच्यासाठी मी दारामागं उभी राहायची. तेवढा एक तुकडा खाऊन मी कागदी रुमालाला हात पुसले.

त्यांनी भांडण काढलं असतं तर बरं झालं असतं. मला भांडता येतं. पण कुणी इतक्या प्रेमानं पापड पुढं करत असेल तर त्याच्याशी भांडायचं कसं? "मला आत बसू द्या" हे मागायचं कुणापाशी आणि कोणत्या तोंडानं? निघताना मी आईला विचारलं, "घरचा ठेचा केला नाहीस का?" ती म्हणाली, "आता तिखट कुणाला चालत न्हाई गं," आणि पदर सारखा करत आत गेली.

दुसऱ्या वेळीही ट्रे. तिसऱ्या वेळीही. मी भोरला येऊन चिडचिड करायची. शेवटी नवरा म्हणाला, "सही कर नाहीतर नको करू, पण रोज कणीक मळताना माझ्यावर ओरडू नको." त्याला वाटत होतं मी जमिनीचा विचार करते आहे. मी तर विचार करत होते की आई त्या घरात राहते, त्यांच्या हातचं खाते, आणि माझ्या एका "बघते"मुळं तिलाही माझ्याकडं नीट बघता येत नाही. ती मला "सही कर" म्हणाली नाही, "करू नको" म्हणाली नाही. ती म्हणणार तरी काय?

मी फोन करून भावाला सांगितलं, येते म्हणून.

वेल्ह्याला कचेरीत गर्दी होती. आमचा नंबर आला तेव्हा टेबलामागच्या माणसानं वर न बघता विचारलं, "राजीखुशीनं सोडताय ना?" हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. मी "हो" म्हटलं आणि सही केली, अंगठा उमटवला. बाहेर आल्यावर भाऊ माझ्या पाया पडला. त्याचे डोळे भरून आले होते. तो वाईट नाही. लहानपणी माझ्याच कडेवर वाढला आहे. त्यानं मला गाडीत पुढं बसवलं आणि वाटेभर, मोठी शेड कशी होईल, खोल्या कुठं निघतील, सगळं दाखवत आणलं. मीही खिडकीतून बघत "हो का" म्हणत होते. मला आत कुठंतरी भूक लागली होती, खरीखुरी भूक. आज चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी का होईना, आईसमोर बसून नाकातून पाणी येईपर्यंत खायचं, एवढंच डोक्यात होतं.

घरात शिरून मी सरळ आत निघाले. भावजयीनं हात धरला. "वन्सं, तुमी कशाला आत? आज तुमचा मान." तिनं मला सोफ्यावर बसवलं, ओटी भरली, मांडीवर साडी ठेवली. चांगली साडी होती, तिनं निवडून आणलेली. मग ट्रे आला. आज वाट्या मोठ्या होत्या आणि पापड तळलेले होते.

आई माझ्या शेजारी येऊन बसली. भावजय आत गेली, भाऊ फोनवर बोलत अंगणात उतरला. मी हळूच विचारलं, "आई, आता तरी घरचा दे की."

"कुठनं देऊ?" आई म्हणाली. "खल शेडवर नेलाय. पुन्याची माणसं आपल्या हातानं कुटत्यात, फोटू काढत्यात. घरात मिक्सर. म्या दीड वर्स झालं तिखट खाल्लं न्हाई."

"मग तू काय खातेस?"

"ह्येच." तिनं ट्रेकडं बोट केलं. "हितंच बसून. आत गेलं की ती म्हंती, तुमी कशाला दमताय आत्याबाई, बसा बाहीर. वाईट न्हाई म्हणत. चांगलंच असतंय, शेंगदाणं असत्यात."

तिनं पापडाचा एक तुकडा मोडला आणि वाटीच्या कडेला जरासा टेकवून तोंडात घातला. तुकडा लहान, हात आखडता. आमच्या बाहेरच्या खोलीत नवखे पाहुणे असेच खायचे. इतके दिवस ती माझ्या हाताकडं बघत नव्हती, तसं तिच्या हाताकडं मी एकदाही बघितलं नव्हतं.

"भोरला खल हाय का गं तुझ्याकडं?" तिनं विचारलं.

"आहे. लहान आहे."

"लहान चालंल. येताना बारक्या डबीत घरचा आणत जा. मिरच्या नुसत्या तव्यावर भाज, त्याल घालू नगंस. आन् पिशवीत खाली ठेव."

तेवढ्यात भावजय पापडाचं ताट घेऊन बाहेर आली आणि आम्हा दोघींपुढं धरून म्हणाली, "घ्या ना, लाजताय काय."

आम्ही दोघींनी एकेक तुकडा घेतला, बुडवला, आणि छान झालंय म्हणालो.