एकट्याच्या मापाची जाळी

दुपारचं जेवण झाल्यावर कुंदा डायनिंग टेबलावर पसरलेल्या जाळीच्या ढिगाशी बसते आणि दंडावर जरा कपाळ टेकते. झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे, असं ती स्वतःला बजावते. अमरावतीचा एप्रिल. खिडकीतला कूलर घोंघावतो आहे आणि बोटांना शिलाई मशीनच्या तेलाचा वास आहे. कूलरची घरघर हळूहळू बारीक होत जाते, कानाच्या पाळीशी येते, आणि मग ती कूलरची उरत नाही.

"काय करून राहिली तू हे?"

मान वर करायची गरजच नाही. हा आवाज अर्ध्या जिल्ह्याला पाठ होता. समोरच्या खुर्चीत तिचा नवरा बसला आहे, प्रल्हाद धर्माळे. अंगात खाकी हाफशर्ट, गळ्यात दुर्बीण, आणि टेबलाखाली चिखलाच्या बुटांसकट पसरलेले पाय. मेल्यावरही या माणसाला बूट काढून घरात यायचं कळत नाही, असं आधी तिच्या मनात येतं. तो मेलेला आहे, त्याला जाऊन तिसरं वर्ष लागलं, हे नंतर आठवतं आणि त्याचं फारसं नवल वाटत नाही.

"जाळी शिवते आहे," ती म्हणते.

"कशाची?"

"झुल्याची. दोन झाडांना बांधून त्यात झोपायचं, तसला कापडी झुला. त्याला भोवतीने मच्छरदाणी. बाजारात मापाची मिळाली नाही, म्हणून घरी शिवते."

प्रल्हाद हसतो. मान मागे टाकून, समोर शंभर पोरं बसली असल्यासारखा.

"म्हणजे पाळणा! वरून जाळी लावलेला. या वयात बारसं करून घेते का?"

हे हसणं तिच्या ओळखीचं आहे. प्रल्हाद बँकेत नोकरीला होता, पण ते कुणाच्या लक्षात नसे. लोकांना तो ठाऊक होता तो मेळघाटचा माणूस म्हणून. दिवाळी झाली की कॉलेजच्या पोरांची शिबिरं जंगलात न्यायची, शेकोटीपाशी अस्वलांच्या गोष्टी सांगायच्या आणि रविवारच्या पेपरात त्याच गोष्टी पुन्हा लिहायच्या. मच्छरदाणीचं नाव काढलं की तो म्हणे, "जाळीत झोपायचं असेल तर घरीच झोपा. जंगलाला कशाला त्रास देता?" कुंदा तरीही त्याच्या पिशवीत तळाशी एक मच्छरदाणी घडी करून ठेवी. आणि निघताना दारात, सगळ्या पोरांसमोर, तो ती बाहेर काढून तिच्या हातात परत देई. "आमच्या बाईसाहेबांना मी परत यावं असं फार वाटतं," म्हणे. पोरं हसत. तीही हसे, कारण तिथे दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

शेवटच्या शिबिराहून तो ताप घेऊन आला. रक्त तपासून घ्या म्हटलं तर म्हणाला, उतरेल. मलेरिया डोक्यात गेला, त्याची शुद्ध हरपली, तेव्हा कुठे त्याला दवाखान्यात नेता आलं. तिथून तो घरी आला नाही. वाघ नाही, अस्वल नाही, साप नाही, एका डासाने हे केलं. कुंदाला आधी रडू आलं, मग राग आला. रागही कालांतराने विझला. त्याच्या जागी जी तुच्छता उरली, ती मात्र अजून ताजी आहे.

"आणि हा पाळणा टांगणार कुठे? गॅलरीत?"

"मेळघाटात."

प्रल्हादचं हसू अर्ध्यावर थांबतं. "तुला कोण नेतंय?"

"रेवा." रेवा ही तिच्या भावाची मुलगी, पुण्याला असते. झुला तिनेच पाठवला आहे. "उद्या सकाळी निघतोय आम्ही."

"तुला झेपणार नाही."

"लग्न झाल्यापासून ऐकते आहे हे. काही नवीन असेल तर सांगा."

तो उठतो आणि टेबलाभोवती फिरून जाळी बघतो. हात लावत नाही, बुटाच्या टोकाने मेलेलं पाखरू उलटं करून बघावं तशी नजर फिरवतो. लांबच लांब पिशवी, दोन्ही तोंडांना नेफा करून ओवलेल्या नाड्या, एका अंगाला आत शिरण्यासाठी चेन. शिवण जागोजागी वाकडी गेली आहे. ही जाळी फार सुळसुळीत, मशीनच्या पायाखालून निसटते, म्हणून कुंदा शिवणीखाली कागदाची पट्टी धरते आणि शिवून झालं की कागद फाडून काढते.

प्रल्हाद वाकून त्या कागदाकडे बघतो.

"हा माझा लेख आहे."

"होता."

"सांबरावरचा! या लेखाला किती फोन आले होते, माहीत आहे?"

"सगळे मीच उचलले होते. कागद बरा आहे. सरळ फाटतो."

"कुंदे!"

"ओरडू नका, धागा तुटेल."

आणि ती चाक फिरवते. सुई सांबराच्या शिंगांतून टकटक करत पुढे जाते, जाळी टेबलावरून खाली ओघळते, आणि खाली फरशी नाही, सागाची वाळलेली पानं आहेत. पानांवर जाळी पडल्याचा चुरचुर आवाज येतो. फ्रिज एका झाडाला टेकून उभा आहे, त्याचा दरवाजा उघडा राहून पिवळा उजेड बाहेर पडतो आहे. कुंदा शिवतच राहते. समोर खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या आहेत. झाडाला बॅनर बांधला आहे आणि त्यावर प्रल्हादचा दुर्बीण लावलेला फोटो आहे. ही त्याची शोकसभा. या सभेला ती एकदा बसून आलेली आहे, पहिल्या रांगेत, पांढऱ्या साडीत.

माईकवर एक गृहस्थ गहिवरून बोलतो आहे. "जंगलाने आपलं लेकरू परत मागून घेतलं..."

प्रल्हाद तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून ऐकतो आहे. त्याचे डोळे भरून आले आहेत. "चांगला बोलून राहिला," तो हळूच म्हणतो.

"तुम्हाला डासाने मागून घेतलं," कुंदा म्हणते. "जंगलाला तर तुमचं नावही ठाऊक नव्हतं."

तिचा आवाज झाडाझाडांतून घुमून परत येतो. माईक आता तिच्या हातात आहे, हे तिला बोलून झाल्यावर कळतं. खुर्च्यांतली माणसं वळून तिच्याकडे बघतात आणि एकेक जण उठून पानं तुडवत निघून जातो. शेवटी सगळ्या खुर्च्या रिकाम्या होतात.

"सगळ्यांसमोर बोलायचं होतं हे?" प्रल्हाद विचारतो.

"तुम्ही मच्छरदाणी परत द्यायचात ती कुठे एकांतात द्यायचात?"

प्रल्हाद मान खाली घालतो. असं तिने कधी पाहिलं नव्हतं. तो दुर्बिणीची दोरी चाळवत बसतो. बँकेत हिशेब चुकलेल्या कारकुनासारखा दिसतो, आणि कुंदाला वाटतं, इतकाच होता की हा. इतक्याशा माणसापुढे मी इतकी वर्षं मान खाली घालून हसत उभी राहिले.

ती आडवी झाली आहे. पाठीखाली झुला हलतो आहे, अंगाभोवती जाळी आहे, चेन आतून लावलेली आहे. उन्हं उतरली आहेत. मोहाच्या फुलांचा गोड, जड वास सगळीकडे पसरला आहे. प्रल्हाद बाहेर उभा आहे आणि मानेवर, दंडावर चापट्या मारतो आहे.

"काय चावतात साले," तो म्हणतो.

कुंदाला हसू फुटतं. पोटातून येणारं, आवरता न येणारं हसू. झुला त्या हसण्याने गदगदतो.

"हसायला काय झालं? आत जागा आहे का?"

"नाही. एकट्याच्या मापाची आहे."

"मी अंग चोरून घेईन."

"तुम्ही? खोलीत आलात की आम्ही बाकीचे अंग चोरायचो."

तो जाळीभोवती फेरी मारतो, कुठे खोट सापडते का ते बघतो. सवयच ती. झुल्याच्या वर, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत दोरी ताणलेली आहे आणि जाळी तिच्यावरून लोंबते आहे. त्या दोरीला तो बोट लावतो.

"ही कशाला? उगाच ओझं."

"जाळी अंगापासून लांब राहावी म्हणून. अंगाला चिकटली तर डास जाळीतूनही चावतो."

"हे मला माहीत नव्हतं," प्रल्हाद म्हणतो.

मला माहीत नव्हतं. या माणसाच्या तोंडून हे वाक्य ऐकायला ती अख्खा संसारभर थांबली होती. ऐकलं की गार वाटेल, जिंकल्यासारखं वाटेल, असं तिला वाटत आलं होतं. ते आलं आणि एवढंसं निघालं. त्याचं आता काय करायचं, तेच तिला समजत नाही.

"शिवण वाकडी आहे," तो जरा वेळाने म्हणतो. मग आणखी जरा वेळाने, "पण टिकेल."

आणि तो जाळीवर पंजा टेकवतो. कसला आव नाही, दमलेला माणूस भिंतीला टेकतो तसा. कुंदा त्या पंज्याकडे बघते. आपण हात उचलणार नाही, असं ती ठरवते, आणि तिचा उजवा हात उचलला जातो, आतून त्या पंज्याला जाऊन चिकटतो. मध्ये जाळी. पलीकडून चटका बसतो.

"तुम्हाला ताप आहे," ती म्हणते.

"उतरेल."

तोच शब्द. त्याच सुरात, तसाच हात झटकून टाकल्यासारखा.

"मूर्ख माणूस," ती म्हणते. "इतका शिकलेला, इतकं बोलणारा, आणि असला मूर्ख माणूस. मूर्ख आहेस तू."

जन्मात तिने त्याला कधी अरे-तुरे केलेलं नाही. आता तो ओरडेल म्हणून ती वाट बघते.

"हो," प्रल्हाद म्हणतो.

त्याच्या मनगटावर एक डास येऊन बसला आहे. जाळीच्या बाहेर, तिच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर. त्याचं पोट हळूहळू लाल होत फुगताना तिला दिसतं.

"मार तो," ती म्हणते. "मार ना, बघतोस काय?"

"हात काढावा लागेल."

"मग काढ!"

प्रल्हाद हात काढत नाही. तीही काढत नाही. झुला हलायचा थांबतो. डास पोटभर पितो, जड होऊन उडतो, आणि तरी दोघांचे हात तसेच राहतात.

कूलरमधलं पाणी संपून पंप कर्कश ओरडायला लागतो, तेव्हा कुंदाला जाग येते. मान अवघडलेली आहे. टेबल टेबलासारखं आहे, फरशी फरशीसारखी. बाहेर ऊन अजून तसंच रणरणतं आहे. ती उठून कूलर बंद करते, आणि बटणावरून उजवा हात खाली घेताना तिची नजर त्याच्या तळव्यावर पडते.

कपाळ तिने डाव्या दंडावर टेकलं होतं. उजवा हात झोपेतही मांडीवर होता, जाळीपासून लांब. जाग आली तेव्हाही तिथेच होता. पण त्या तळव्यावर जाळीची नक्षी उठली आहे. बारीक बारीक सहाकोनी घरं, मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत, कुणीतरी दाबून धरल्यासारखी खोल. बाकी सगळं अंग घामाने निथळतं आहे. तो तळवा मात्र कोरडा आहे आणि गरम.

कुंदा परत येऊन खुर्चीत बसते. हात उताणा करून टेबलावर ठेवते. उद्या सकाळच्या आत चेनची बाजू पुरी करायची आहे, नाड्या ओढून बघायच्या आहेत, पिशवी भरायची आहे. ती बघत बसते. आधी बोटांवरची घरं विरतात, मग तळव्याच्या कडेची, मग मधली. शेवटचं घर दिसेनासं होईपर्यंत ती त्या हाताने कशालाच शिवत नाही.