कापराची बरणी

झोप लागायच्या जरा आधीची वेळ असते ना, आपण घरात आहोत हे अर्धंच आठवतं ती, तिथपर्यंत ऋजुता पोचली आहे. पंखा बंद, खिडकी बंद. कोपऱ्यात निमाआत्याचा दिवा तेवतोय आणि दहाव्यापर्यंत तो विझता कामा नये, म्हणून वाऱ्याला घरात यायचीच बंदी आहे.

आज नववा दिवस. आई-बाबा उद्याचं सामान आणायला बाजारात गेलेत, काकी आतल्या खोलीत झोपली आहे. दुपारभर दिव्यावर लक्ष ठेवायचं काम ऋजुताने हट्टाने मागून घेतलंय. आणि काम मिळाल्यावर नुसती बसून राहील तर ती ऋजुता कसली! आत्या याच खोलीत आजारी पडून होती. औषधांचा, जखमांचा वास भिंतींनी अजून सोडलेला नाही. भेटायला येणाऱ्या बायका उंबऱ्यातच पदर नाकाला लावतात आणि ऋजुताच्या अंगाचा तिळपापड होतो. आमच्या आत्याच्या खोलीत नाक दाबता?

म्हणून आज तिने कंबर कसली. वाटीत खायचा सोडा आणि त्यात लवंगा. कठड्यावर वाळवलेल्या संत्र्याच्या साली. आणि सगळ्यात झकास म्हणजे ती बरणी! आत्याच्या ड्रेसिंगचं उरलेलं स्पिरिट, त्यात चुरलेला कापूर, गवती चहाचं तेल, आणि वर उभ्या खोचलेल्या जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. काड्या वास शोषतात आणि खोलीभर पसरवतात. बायका सतरंजीवर जिथे टेकतात तिथेच, दिव्यापासून हातभर अंतरावर, तिने ती उघडी बरणी ठेवली आणि शेजारीच आडवी झाली. वास इतका दाटला आहे की डोकं जड झालंय.

"पुढे सरका, पुढे सरका! दारात लोंबकळू नका!"

ऋजुता सरकते. सतरंजी रेक्झिनसारखी गार लागते. खोली लांबट झाली आहे, दोन्ही बाजूंना खिडक्या, सगळ्या बंद. ही तर एसटी आहे! आणि कंडक्टरच्या नोकरीत घालायची त्याच खाकी कोटात, खांद्याला चामड्याची पिशवी लावून, तिकिटाचा चिमटा टिकटिक वाजवत निमाआत्या येते आहे. शेवटी शेवटी जिला कुशीवर वळवायलाही दोघं लागायची, ती.

"आत्या! तू चालतेस?"

"मग काय, गाडीत रांगू? कुठे उतरणार?"

"माहीत नाही."

"मग चढलीस कशाला, शहाणे?"

गाडी बायकांनी भरली आहे. कुणी बोलत नाही. सगळ्यांचे पदर नाकाशी, सगळ्यांच्या मांडीवर संत्र्याच्या साली. ऋजुताला बोलल्यावाचून राहवत नाही.

"वास बघ ना कसला भारी येतोय! मी केलंय सगळं. तुझ्यासाठी."

आत्या श्वास घेते. घेतच राहते. सोडत नाही.

"काच उघड," ती म्हणते.

"नको, दिवा विझेल."

"काच उघड, ऋजू."

खिडकीची काच जागची हलत नाही. बाहेर रस्ता नाही, घराच्याच भिंती मागे पळतायत. त्यांच्यावर बाबांचं कॅलेंडर येतं आणि जातं, पुन्हा येतं आणि जातं. गाडी उतरणीला लागते. वळणावर ऋजुताच्या टाचेला काहीतरी लागून कलंडतं, आणि गार, पातळ असं काही सीटांखालून पुढे पळायला लागतं.

"आत्या, ड्रायव्हर कुठाय?"

"तुलाच बसवलंय ना लक्ष ठेवायला?"

ड्रायव्हरच्या जागी कुणी नाही. तिथे नुसतं ताट, ताटात दिवा. आणि तो ओघळ त्याच्याकडेच चालला आहे, अगदी घाई नसल्यासारखा.

"विझव तो," आत्या म्हणते.

"छे! उद्यापर्यंत ठेवायचाय. तुला वाट दिसायला नको का?"

"अमावास्येच्या रात्री घाटातून गाड्या केल्यात मी. आता तू मला वाट दाखवणार होय गं?"

ऋजुताला हसू फुटतं, आणि तोंडातच विरतं. सगळ्या बायका एकदम तिच्याकडे वळल्या आहेत. प्रत्येकीच्या पदराच्या काठाला बारीक निळा उजेड लागलाय. कापडावर स्पिरिट पेटतं तसा निळा. दिव्याच्या सगळ्यात जवळच्या सीटवर काकी आहे. मान टाकून झोपलेली, उशीसकट.

"काकी! काकी, ऊठ ना!"

"ती नाही उठायची," आत्या म्हणते. "तिला वास छान येतोय."

"मी फुंकर मारू?"

"फुंकलंस तर ठिणगी उडेल. चिमटीत धर."

"भाजेल!"

"भाजेलच."

आत्याचा हात तिच्या हातावर येतो. एसटीच्या दांड्यासारखा गार, आणि तेवढाच घट्ट. दुसऱ्या हाताने ती दोरी ओढते. घंटा एकदाच वाजते.

ऋजुता दिव्यासमोर गुडघ्यांवर बसलेली आहे. घर, दुपार, बंद खिडकी. बरणी आडवी पडली आहे, काड्या विखुरल्यात, आणि सतरंजी दिव्याच्या ताटापर्यंत ओलीचिंब. दिवा विझलाय. वातीतून धुराची रेघ वर चालली आहे.

"अगं बाई! दिवा!" काकी दारात उभी आहे, केस विस्कटलेले. "नवव्या दिवशी विझू दिलास? एवढं एक काम सांगितलं होतं तुला! सरक, आधी लावू दे."

कोनाड्यातली काडेपेटी तिच्या हातात आलीसुद्धा. काडी निघते, पेटीच्या कडेला टेकते.

"काकी, नाही!"

ऋजुता झेपावते आणि तिचं मनगट धरते. काकीच्या हातून काडी खाली पडते. न पेटलेली.

"वेड लागलंय का तुला?"

"आधी खिडकी उघड. खाली बघ, हे सगळं स्पिरिट आहे. दिवा मी विझवलाय."

काकी ओल्या सतरंजीकडे बघते. मग पायांकडे, तिथे साडीचा काठ भिजत चाललाय. ती मागे सरते, खिडकीची कडी काढते, आणि बाहेरच्या वाऱ्याने सगळा कापूर एका दमात उचलून न्यावा तशी खोली रिकामी होते. तेव्हा कुठे तिचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे जातं.

तिथे काजळीचे दोन ठसे आहेत. ऋजुता आपला हात उलटा करते. अंगठ्याला आणि शेजारच्या बोटाला वातीएवढे दोन फोड, आणि ते आता, आत्ता कुठे, झोंबायला लागले आहेत.