वन्संचं अर्धं भांडण

लोणंदपासून सांगलीपर्यंत रेल्वेच्या दोन्ही अंगांना जेवढी माणसं राहतात, त्या सगळ्यांत आमच्या वन्संइतकं भित्रं माणूस दुसरं नसेल. हे लोणंदच्या बाजारात जाऊन सांगितलं तर लोक मलाच वेड्यात काढतील, कारण तिथं वन्सं दिसल्या की भाजीवाल्या तागडी सरळ धरतात. वन्सं म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण. लोणंदला त्यांच्या यजमानांचं किराणा दुकान आहे. आवाज असा की आमच्या माजघरात बोलल्या तर शेजारच्या गोठ्यातली म्हैस कान टवकारते. लढाईच्या दिवसांत, घासलेटसुद्धा रांगेत उभं राहून आणावं लागायचं तेव्हा, त्यांच्या उजव्या छातीत गाठ झाली. सांगलीच्या डॉक्टरांनी ती कॅन्सरची ठरवली, ऑपरेशन करून काढून टाकली, आणि पुन्हा कुठं उगवत तर नाही ना हे बघायला मधून मधून येऊन दाखवून जा म्हणून सांगितलं. ऑपरेशनला वन्सं भ्यायल्या नाहीत. भ्यायल्या त्या ह्या दाखवून जाण्याला. मला म्हणाल्या, "कापतात तेव्हा आपण बेशुद्ध तरी असतो गं. बघतात तेव्हा डोळे उघडे ठेवून त्यांच्या तोंडाकडं बघत बसावं लागतं."

ह्या भीतीवर त्यांनी स्वतःच औषध शोधून काढलं आहे, ते म्हणजे भांडण. तपासणीसाठी सांगलीला आमच्याकडं उतरल्या की पाय धुवायच्या आत त्या कुणाशी तरी भांडण काढतात. आणि ते पुरतं भांडायचं नाही, निम्मं ठेवायचं. एकदा तांदूळ निवडताना त्यांनी मला ह्यातलं मर्म सांगितलं. "रागावलेल्या माणसाच्या पोटात भीतीला जागा उरत नाही. आणि भांडण अर्धं टाकून गेलेलं माणूस ते पुरं करायला परत येतंच. यमाला सांगायचं, बाबा, माझं बोलणं अजून संपलं नाही." हे सांगताना त्यांचा हात सुपात होता, आणि चांगले तांदूळ बाहेर टाकून खडे त्या सुपात ठेवत होत्या.

पहिला मान भावाचा. हे कचेरीतून येऊन टोपी काढतात न काढतात तोच वन्सं म्हणणार, "बापू, आईची समई कुठाय?" हे म्हणणार, "अक्का, ती तूच नेलीस. तुझ्या देवघरात आहे." "तेच म्हणते मी! एवढ्या वर्षांत एकदा तरी मागितलीस का? आईच्या वस्तूवर म्हणून माया नाही!" ह्यांनी उत्तराला तोंड उघडलं की हात वर. "थांब. उरलेलं दवाखान्यातून आल्यावर." मग दोन दिवस हे तोंडात उत्तर धरून हिंडतात, जेवताना मध्येच थांबतात. गणपतीच्या देवळात गेलो तर तिथंही तेच. हात जोडून, सगळ्यांना ऐकू जाईल असं देवाला म्हणाल्या, "एवढे मोठे कान दिलेत ते कशाला? लोणंदहून ओरडतेय मी!" आणि प्रदक्षिणा अर्ध्यावर सोडून बाहेर आल्या. पुजारी माझ्याकडं बघायला लागले. मी पदर पुढं ओढून घेतला.

टांगेवाल्याचं भांडण तर ठरलेलं. "घोड्याला खायला घालतोस की नुसतं गवत दाखवून आणतोस रे?"

"आवं बाई, माझ्यापरीस जास्त खातंय त्ये. अंगाला लागत न्हाई, त्याला मी काय करू?"

"मग त्याला वर बसव आणि तू जुंपून घे."

"लय झालं बगा बाई आता, मी बी मानूस हाय..."

"थांब, थांब. उरलेलं परत जाताना."

तो बिचारा दवाखान्याच्या फाटकाशी झाडाखाली टांगा लावून बसायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "न्हाई जमायचं. बाईंचं बोलनं ऱ्हायलंय."

मागच्या वर्षीच्या तपासणीत डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. फोटोच्या खोलीतला माणूस म्हणाला, "गळ्यातलं काढून ठेवा." झालं! वन्संना भांडण शोधावंसुद्धा लागलं नाही. "माझा नवरा तिकडं दुकानात धडधाकट गूळ तोलतोय, आणि गळ्यातलं काढा म्हणतोस?"

"बाई, सोन्याच्या वाट्या फोटोत दिसतात."

"दिसू देत. घडण चांगली आहे."

शेवटी नर्सबाई मध्ये पडल्या. दोरा तुटून मंगळसूत्र वाढवलं तर गाठवून होईपर्यंत दोऱ्यात हळकुंड ओवून गळ्यात घालतात, म्हणजे गळा रिकामा राहत नाही. हे असं होणार हे धरून वन्संनी घरून निघतानाच पदराला हळकुंड बांधून आणलं होतं. मी पडद्याआड ते दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात बांधलं आणि दवाखान्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या आत सोडलं. मंगळसूत्र माझ्या मुठीत राहिलं. फोटो निघाला, आणि तो नीट आला का ते कळेपर्यंत कपडे बदलू नका म्हणून आम्हाला तसंच बसवून ठेवलं.

थोड्या वेळानं डॉक्टरांनी आत बोलावलं. फोटो अजून ओला होता. त्यांनी तो खिडकीशी धरला आणि निरखून बघितला. मग हलक्या आवाजात म्हणाले, "डाव्या बाजूला एक डाग दिसतोय. जरा बाहेर बसा, मोठ्या डॉक्टरांना दाखवतो."

बाहेरच्या बाकावर वन्सं बसल्या. मी वाट बघत होते, आता ह्या डॉक्टरांवर घसरतील. पण त्या कुणावरच घसरल्या नाहीत. मला म्हणाल्या, "टांगेवाल्याला सांग, घोडा गुणी आहे त्याचा." मग म्हणाल्या, "ती समई बापूकडं पाठवून देते. त्याचीच आहे ती." मग लोणंदची भाजीवाली झाली, आळीतली सोनारीण झाली. एकेक भांडण त्या मिटवत सुटल्या, आणि मी मुठीतलं मंगळसूत्र आवळून देवाला विनवत होते, की ह्यांना कुणाचा तरी राग येऊ दे.

पुन्हा आत बोलावलं. डॉक्टरांसमोर मी कधी मान वर करत नाही. त्या दिवशी केली. मोठ्या डॉक्टरांच्या हातात तो काळा फोटो होता, त्यात बरगड्या पांढऱ्या, आणि डाव्या अंगाला त्यांच्यामध्ये तो डाग. बोटाएवढा लांब, जरा वाकडा, अंगावर गाठी, एका कडेला छोटंसं शिंग फुटलेलं. माझी शाळा चौथीला सुटली, फोटोतलं मला काय कळणार? पण दर उन्हाळ्यात मी हळद कुटते. हळकुंड मी अंधारात हातानं ओळखीन. बोलावं म्हणून तोंड उघडलं, तर परक्या पुरुषांपुढं शब्द फुटेना. शेवटी मी वन्संच्या सदऱ्यात हात घातला, दोरा वर ओढला आणि हळकुंड डॉक्टरांच्या नाकासमोर धरलं.

त्यांनी हळकुंडाकडं पाहिलं, फोटोकडं पाहिलं, पुन्हा हळकुंडाकडं पाहिलं. फोटो जरा तिरका केला. शिंगसुद्धा जुळलं. मोठे डॉक्टर खुर्चीत बसले ते पोट धरूनच. हळकुंड मनगटाला बांधून दुसरा फोटो काढला, आणि छाती अगदी स्वच्छ निघाली.

"हसता काय?" वन्संचा आवाज परत आला, दारातली नर्स दचकली. "माझ्या सौभाग्याला डाग म्हणता! मी तिकडं समई देऊन बसले की!" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "समईचं मी काही बोलले नाही, समजलं?" फाटकाशी टांगेवाला उठून उभा राहिला. त्याला वाटेत राहिलेलं सगळं मिळालं, वर थोडं जास्तच मिळालं. तो खूष दिसला. तोंड एवढं चाललं असताना वन्संनी माझा हात मात्र घर येईपर्यंत सोडला नाही, हे टांगेवाल्याला दिसलं नाही.

परवा वन्सं पुन्हा आल्या. टांग्यातून उतरताना मी त्यांना आधार दिला, तर हाताला फार हलक्या लागल्या. घोड्याबद्दल काही बोलल्या नाहीत. ह्यांनी स्वतःहून समईचा विषय काढला, तर "असू दे रे" म्हणाल्या. देवळात जाऊया का विचारलं, तर पाय दुखतात म्हणाल्या. काल दुपारी त्या तशाच भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे आज, दवाखान्यात जायचं होतं. मला भांडता येत नाही, कुणाशीच कधी आलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि उकळत्या आमटीत मिठाची आणखी एक मूठ टाकली.

ताट वाढलं. वन्संनी पहिला घास घेतला आणि थांबल्या. ताटाकडं बघितलं, मग कितीतरी वेळ माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली.

"उद्या दवाखान्यातून आल्यावर बघते तुझ्याकडं," त्या म्हणाल्या, आणि भात कालवून सगळी आमटी संपवली.