बिना धुऱ्याची यादी

एंटर दाबायच्या आधी काका दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायचे. मग पडद्यावरची ओळ वाचायचे आणि शेजारी जो असेल त्याला विचारायचे, "धुरा कुठी हाये?"

शेजारी बहुतेक वेळा मीच असायची आणि मला राग यायचा. तुमच्याही ऑफिसात असा एकजण असेल, दोन मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं लावणारा. आमच्याकडे काका होते. इचोड्याला हायवेलगतच्या एका लॅबमध्ये रक्तदात्यांची यादी आम्ही दोघं सांभाळायचो. कुणाला रक्त लागलं की यादीतून जुळणारा माणूस काढायचा, फोन करायचा आणि आदिलाबादला दवाखान्यात पाठवायचा.

काका वांकिडीकडचे, कापूसवाल्या घरातले. डेटाबेस चाळिशीनंतर शिकले, म्हणून त्यांना त्यात वावर, म्हणजे शेतच दिसायचं. त्यातल्या आज्ञांपैकी सिलेक्ट म्हणजे वावर पाहणं, अपडेट म्हणजे त्यात काम करणं, डिलीट म्हणजे उपटणं. आणि व्हेअर, म्हणजे नेमक्या कोणत्या ओळी ते सांगणारी अट, तो धुरा. आपल्या वावराची हद्द. "पाहाले धुरा नाही लागत," ते म्हणायचे. "हात लावाले लागते. नाही तं शेजाऱ्याचंबी पीक उपटशीन."

अपडेटच्या आधी तीच अट घालून ते सिलेक्ट चालवत आणि किती ओळी आल्या ते पाहत. शिवाय रोज सकाळी अख्ख्या यादीची एक नक्कल करून ठेवत. तिचं नाव 'कालची'. एकच यादी दोनदा कशाला, असं विचारलं तर नुसते हसायचे.

एका दुपारी ते जेवायला गेले होते. नेरडीगोंड्याच्या एका माणसानं त्या दिवशी रक्त दिलं होतं, त्याच्या नावापुढे ती तारीख भरायची होती. मी भरली, एंटर दाबलं. पाठोपाठ फोन आला. एका बाळंतिणीला ओ निगेटिव्ह हवं होतं, लगेच. मी यादीला विचारलं, गेल्या तीन महिन्यांत रक्त न दिलेले ओ निगेटिव्ह कोण? एकही नाही. दुसरे गट विचारले. तिथंही एकही नाही. तारीख भरताना मी अट घातलीच नव्हती, आणि आता यादीच्या लेखी प्रत्येकानं आजच रक्त दिलं होतं.

माझी हाक ऐकून काका अर्धा डबा तसाच घेऊन आले तेव्हा मी रडत होते. "काका, सगळी यादी गेली माझ्यानं. ती बाई तिथं..."

"काऊन रडून राह्यली? सरक."

त्यांनी 'कालची'ला विचारलं. तेव्हाही हात मांडीवर गेलेच, आणि त्या दिवशी प्रथमच मला राग आला नाही. दोन नावं निघाली. एकाचा फोन बंद. दुसरा इथल्याच ढाब्यावरचा स्वयंपाकी. भट्टी तशीच सोडून तो एका ट्रकमध्ये बसून आदिलाबादला गेला. बाई वाचली, बाळही. काकांनी 'कालची'वरून यादी पुन्हा नीट केली आणि उरलेला डबा उघडला.

काका स्वतःही दाते होते. पासष्टीनंतर नाव निघू नये, ही अट यादीत त्यांनीच घातलेली. पासष्ट पूर्ण झाली त्या सकाळी त्यांनी आपल्या गटाची नावं काढली, खालपर्यंत वाचली. "पाह्य, आमी नाही आता. धुरा आमचाच," म्हणाले आणि हसले. त्या दिवशी त्यांनी चहा मात्र घेतला नाही.

दिवाळीच्या आधी ते वारले. त्यांची ओळ काढून टाक, असं लॅबवाल्या डॉक्टरांनी सांगितलं आहे. डिलीट लिहिते, धुरा टाकते, सिलेक्टनं पाहते, एकच ओळ येते. हात मांडीवर ठेवते आणि ते तिथंच राहतात. मला त्यांची फार आठवण येते.

रक्त शोधायच्या कोणत्याही अटीत काका आता बसत नाहीत. कुणी कसलंही रक्त मागो, त्यांचं नाव येत नाही. म्हणून रोज सकाळी 'कालची' करायच्या आधी मी कसलीच अट न घालता अख्खी यादी उघडते. पाहायला धुरा लागत नाही. वांकिडीच्या नावांपर्यंत खाली जाते, आणि ते असतात.