भोजराजचा कान

“भोजराज गेला,” असं त्याच्या शेजारच्या टायरवाल्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी देवरीकडच्या माझ्या शाळेत चौथीला भागाकार शिकवत होतो. माझ्या तोंडून निघालं, “कुठे गेला?” आदल्या संध्याकाळीच मी माझी जीप त्याच्या गॅरेजात सोडून आलो होतो. वाटलं, तिच्यासाठी काही सामान आणायला गोंदियाला गेला असेल. टायरवाला म्हणाला, “मास्तर, अटॅक आला जी.” मी फोन खिशात ठेवला, पुढचं गणित फळ्यावर लिहिलं आणि ते कसं सोडवायचं हेच मला सुचेना.

कोहमाऱ्याला महामार्गालगत त्याचं टिनाचं गॅरेज, मागे दोन खोल्यांचं घर. टर्बोच्या गाड्या घेऊन पार तिरोड्याहून लोक त्याच्याकडे येत. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. वाटेतल्या एखाद्या रबरी नळीला, म्हणजे होसला, चीर पडली किंवा क्लिप सैल झाली, की ती हवा बाहेर पळते, गाडी काळा धूर ओकते आणि चढावर रडते. चीर मात्र डोळ्यांना दिसत नाही. भोजराजने स्टीलच्या डब्याच्या झाकणाला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवून एक टोपण केलं होतं. ते हवेच्या नळीच्या तोंडाशी आवळायचं, कॉम्प्रेसरने बेताची हवा भरायची, मग कॉम्प्रेसर बंद करून ऐकायचं. रस्त्यावरून ट्रक जात असला तर थांबायचं, पुन्हा ऐकायचं. फुसफुस कुठून येते ते कळलं की तिथे ब्रशने साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा फुगला की चोर सापडला. दुसरे मिस्त्री अख्खं इंजिन फेसाने न्हाऊ घालत. भोजराज एकाच जागी ब्रश लावी. “कान पाहा ना बाप्पा त्याचा!” असं ड्रायव्हर म्हणत.

त्याच्या दोन खोडींवरून मी त्याला फार छळलं. एक चहाची. हवा भरून झाली की सुलोचनावहिनींना हात करून चहा मागवायचा. त्या यायच्या, घटकाभर उभ्या राहायच्या आणि कप भलत्याच ठिकाणी ठेवून जायच्या. कधी बॅटरीवर, कधी रेडिएटरच्या पट्टीवर, एकदा तर पुढच्या चाकाशी खाली जमिनीवर. “तुझ्या घरी एक स्टूल नाही का रे?” मी म्हणायचो. तो नुसता हसायचा. दुसरी खोड ‘उद्या सांगतो’ची. बॉनेटखाली डोकं घातलेल्या या माणसाला मी माझं सगळं सांगितलं आहे... बायको गेली ते वर्ष, मुलीचं लग्न, हेडमास्तरांशी झालेलं भांडण. तो मान हलवायचा. काय करू म्हणून विचारलं, की “उद्या सांगतो.” आणि दुसऱ्या दिवशी इतकं नेमकं सांगायचा, की मला वाटे, हा माझ्यासाठी झोपत नाही की काय!

शेवटच्या भेटीतही तेच. मी लवकरच निवृत्त होतोय आणि मुलगी म्हणते, बाबा, पुण्याला या, तिथे एकटे कशाला राहता. जीप त्याच्या हवाली करता करता मी विचारलं, “भोजराज, जाऊ का रे?”

“उद्या सांगतो, मास्तर.”

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला बोलायला उभं केलं. मी दहा मिनिटं त्याच्या कानावरच बोललो. समोर पांढऱ्या साडीत वहिनी बसल्या होत्या. त्या हसल्या, असं मला वाटलं. नवरा जाऊन आठ दिवस झालेली बाई हसेल कशी, म्हणून मी नजर वळवली.

महिन्याभराने जीप न्यायला गेलो. गोंदियाच्या एखाद्या मिस्त्रीला दाखवावी असा विचार होता. वहिनी म्हणाल्या, “नेता काऊन? हवा तं भरून पाहा.” मी त्याचं टोपण आवळलं, हवा भरली, कॉम्प्रेसर बंद केला. मला काहीही ऐकू आलं नाही. वहिनी चहा घेऊन आल्या आणि कानावरचा पदर मागे सारून उभ्या राहिल्या. एक ट्रक गेला. त्या तशाच उभ्या. मग मी पुढे केलेल्या हाताकडे न बघता त्यांनी कप डाव्या बाजूच्या जाड होसशेजारी, पत्र्यावर ठेवला.

“तेथं फेस लावा, भाऊजी.”

लावला. क्लिपच्या खालून बुडबुडा फुगला. मी कपाकडे पाहत राहिलो. बॅटरीवरचा कप आठवला, चाकाशी ठेवलेला आठवला...

“त्यायले दहा-बारा सालापासून आयकूच नाही येत होतं,” वहिनी म्हणाल्या. “तोंड पाहून समजे तेवढंच. कोनाले सांगू नोको म्हनत. कानावरच तं धंदा होता.”

“मग मी जे बोलायचो ते?”

“तुमी गेले का मले इचारत, मास्तर काय म्हने? मी आतून आयकलेलं पुरं त्यायच्यासमोर बसून सांगत होती. मंग काय सांगाचं ते दोघं ठरवत होतो.”

मला राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. इतकी वर्षं मी नेमकं कोणाशी बोलत होतो? कोणाच्या सल्ल्याने मी हेडमास्तरांची माफी मागितली? मी ज्याच्यासाठी रडतोय तो माझा मित्र एकटा भोजराज होता की ही दोघं मिळून, हे मला आता हा लेख लिहितानाही उमगत नाही. तेव्हा मी एवढंच विचारू शकलो, “आणि पुण्याचं?”

“त्या राती बोललो ना आमी. मास्तर जाऊन नाही राहिला, म्हने. जानारा मानूस जीप कायले रिपेर करते?”

“हे तो म्हणाला, की तुम्ही, वहिनी?”

“चाय घ्या. थंडी होऊन राहिली.”

क्लिप आवळायला मला अर्धा तास लागला. देवरीच्या वाटेवर जीप चढाला जराही रडली नाही. घरी पोचतो तोच मुलीचा फोन. “बाबा, मग कधी येताय?” मी काही ठरवलेलं नव्हतं, तरी तोंडून निघून गेलं, “उद्या सांगतो.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घरी जायच्या ऐवजी जीप कोहमाऱ्याकडे वळवली. गाडीला काहीही झालेलं नव्हतं.